सुप्याचा १८७५ चा दंगा आणि वर्गांतील चित्रें

(१) प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी शिक्षकांचा वाटेल. परंतु विचाराअंतीं तो दप्तरांच्या संग्राहकांचाच आहे, असें वाचकांस दिसून येईल. डिजिटल चित्रसंग्रहांतून चित्रें निवडून, तीं क्रमानें लावून, पडद्यावर दाखवीत वर्गांत व्याख्यान देण्याची पद्धति आतां खेड्यांतील विद्यालयांपर्यंत पोंचली आहे. बारामतीस १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि १९७२ पासून विद्या प्रतिष्ठान हीं शिक्षणाचीं केंद्रें आहेत. इंदापुरासही महाविद्यालय आहे. तेव्हां या दोन तालुक्यांतील इतिहासाचा शिक्षक आपल्याच तालुक्यांतील एखादी घटना शिकवूं लागला, तर त्यास चित्रें कोठून मिळतात, मिळालेल्या चित्रांवर विश्वास कितपत ठेवावा, आणि न मिळालेलीं कोणीं पुरवावीं, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहों. विचार हवेंत राहूं नये म्हणून एकच घटना घेतली आहे. ती म्हणजे बारामती तालुक्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं झालेला सावकारांविरुद्धचा दंगा.

हीच घटना निवडण्याचें कारण असें कीं, राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकांत सुप्याचें नांव व त्या दिवसाचा वृत्तान्त आला आहे. आसामांतल्या आणि केरळांतल्या मुलांनीं सुप्याचें नांव वाचलें. सुप्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहणाऱ्या मुलांस मात्र त्या घटनेचें म्हणून जें दाखविलें जातें, तें बहुधा दुसऱ्याच मुलखाचें चित्र असतें. ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

(२) घटनेचें स्वरूप थोडक्यांत असें. इंदापूर तालुक्यास मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाच्या इतिहासांत एक विशेष स्थान आहे. प्रिंगल यांची पहिली आकारणी येथें टिकली नाहीं, तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं नवीन मोजणी करून १८३६ सालीं ३० वर्षांच्या मुदतीची आकारणी इंदापुरांतच प्रथम लागू केली. पुढें सर्व इलाख्यांत चाललेली रयतवारी पद्धति ती हीच. मुदत संपतांच १८६७ पासून फेरआकारणीस आरंभ झाला, तोही इंदापुरापासूनच; आणि नवे दर कित्येक गांवीं फार चढे बसले.

मधल्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध (१८६१–१८६५) झालें. इंग्लंडांत अमेरिकेहून येणारा कापूस १८६१ सालीं २० लक्ष गांसड्यांहून अधिक होता, तो १८६२ सालीं ५५ हजारांवर आला. हिंदुस्थानच्या कापसास एकाएकीं भाव आला व सावकारांनीं हात सैल सोडला. युद्ध संपलें, भाव पडला, हात आंखडला गेला. आणि त्याच वेळीं सरकारदेणें वाढलें. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली होती. कायदा करणारांचा हेतु असा कीं, व्याज वर्षानुवर्षें साचूं नये. व्यवहारांत उलटें झालें. दर तीन वर्षांनीं थकलेलें व्याज मुदलांत घालून नवें खत लिहून घेण्याचा प्रघात पडला, आणि व्याज मुदलाहून अधिक घेऊं नये ही दामदुपटीची जुनी मर्यादा कागदोपत्रीं न मोडतां व्यवहारांत मोडली. शंभर रुपयांच्या मुदलावर दोन हजारांहून अधिक व्याज चढविल्याचें एक प्रकरण पुढें चौकशी मंडळासमोर आलें होतें.

१८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील कर्डें येथें सावकारावर बहिष्काराचें प्रकरण झालें. त्यापुढें पांच महिन्यांनीं, बुधवार ता. १२ मे १८७५ रोजीं, सुप्याच्या पेठेंत आसपासच्या गांवांची रयत जमली, दुकानांवर चालून गेली, वह्या आणि खतें मागूं लागली व हातीं आलीं तीं तिनें जाळलीं. धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं, कांहीं घरांसही आग लागली. तथापि जेथें कागद मुकाट्यानें हवालीं झाले तेथें माणसांस फारसा उपद्रव झाला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुणें व नगर जिल्ह्यांतील कित्येक गांवांत हें लोण पसरलें. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें, त्याचा अहवाल १८७६ सालीं झाला, व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पसार होऊन तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू करण्यांत आला.

या घटनेच्या थोरवीविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. रविंदर कुमार यांनीं १९६५ सालीं तिची सामाजिक मीमांसा केली. नील चार्ल्सवर्थ यांनीं १९७२ सालीं, तिचा बोभाटा वस्तुस्थितीहून मोठा आहे, असा पक्ष मांडला. या मतभेदाचा पडद्यावरील चित्रांशीं निकट संबंध आहे, तो पुढें येईल.

(३) चित्रें दाखवून विषय सांगण्याची रीति महाराष्ट्रास नवी नाहीं. कल्याण येथें महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. दिव्याच्या उजेडानें तीं चित्रें पडद्यावर पडत व कथा चाले. पुढें महाविद्यालयांतील शिल्प व कला यांच्या अध्यापकांनीं कांचेच्या तुकड्यांचे, मग फिल्मच्या स्लाइडींचे संग्रह केले. ते संग्रह विद्यापीठांच्या कपाटांत असत व एका वेळीं एकासच उपयोगीं पडत. संगणकाच्या योगानें ते एकत्र करावे, या कल्पनेंतून मेलन प्रतिष्ठानच्या द्रव्यसाहाय्यानें अमेरिकेंत ‘आर्टस्टोर’ हा संग्रह उभा राहिला व २००४ सालीं विद्यापीठांस खुला झाला. त्यांत शिक्षकास चित्रें निवडून स्वतःचा गट बांधतां येई, चित्राचा हवा तो भाग मोठा करतां येई, दोन चित्रें शेजारीं ठेवून ताडून पाहतां येत, आणि गट उचलून व्याख्यानाच्या स्लाइडींत घालतां येई.

हिंदुस्थानविषयक चित्रांपुरतें पाहिलें तर शिकागो विद्यापीठाची ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ व तीमधील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचीं देवालयांचीं छायाचित्रें अभ्यासकांस परिचित आहेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें वस्तुसंग्रहालयांसाठीं ‘जतन’ नांवाची प्रणाली केली व तिच्यावर ‘म्यूझियम्स ऑफ इंडिया’ हा संग्रह उभारला गेला. राष्ट्रीय अभिलेखागाराचा ‘अभिलेख पटल’ २०१५ पासून व केंद्र सरकारचा ‘इंडियन कल्चर’ हा संग्रह २०१९ पासून लोकांस खुला आहे. सर्वसामान्य लोकांनीं काढून दिलेल्या छायाचित्रांचा ‘विकिमीडिया कॉमन्स’ हा संग्रह २००४ पासूनचा आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमनें तर आपल्या चित्रांच्या उत्तम प्रती २०१२ पासून कोणासही विनामूल्य उचलूं दिल्या आहेत.

(४) आतां या भांडारांत आमच्या दोन तालुक्यांचें काय आहे, तें पाहूं. लोणी भापकर येथील पुष्करिणी व यज्ञवराहाची मूर्ति, मोरगांवचें मयूरेश्वराचें देवालय, नीरा व भीमा यांच्या संगमावरील नरसिंहपूर, उजनीच्या जलाशयांत बुडालेलें व पाणी फार ओसरलें कीं वर येणारें पळसदेव, बारामतीचा बाबूजी नाइकांचा वाडा, इंदापूरची मालोजीराजांची गढी, अशा स्थळांचीं चित्रें मिळण्याचा संभव पुष्कळ आहे. कारण हे संग्रह मूळ शिल्पकलेच्या अध्यापकांच्या कपाटांतून निघाले. त्यांची दृष्टि देवालयावर, मूर्तीवर, गढीवर. यात्रेकरू व प्रवासी यांचीही दृष्टि तीच.

परंतु सुप्याच्या व्याख्यानास देवालय चालत नाहीं. तेथें पाहिजे कुणब्याचें खत, सावकाराची वही, मोजणीचा नकाशा, आकारणीचा कागद, पेठेचा रस्ता. राज्यकर्त्यांनीं काढविलीं तीं चित्रें त्यांच्या कामाचीं. प्रवाशांनीं काढलीं तीं त्यांच्या कौतुकाचीं. आणि कर्जाचें खत हें कौतुकाचें नव्हे. म्हणून ज्या घटनेनें एक कायदा घडविला, तिच्या वांट्यास या मोठमोठ्या भांडारांत फारच थोडें येतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं शिक्षक जवळपासचें चित्र उचलतो, आणि चुकीस तेथूनच आरंभ होतो.

(५) चुकीचे प्रकार मुख्यतः चार आहेत.

पहिला प्रकार नामसादृश्याचा. सुपें एक नव्हे. बारामती तालुक्यांतील सुपें निराळें, पारनेर तालुक्यांतील पुणें–नगर रस्त्यावरचें सुपें निराळें, आणि कर्नाटकांत उत्तर कन्नड जिल्ह्यांत धरणामुळें प्रसिद्ध असलेलें सुपा तिसरेंच. रोमन लिपींत या तिहींचें नांव एकाच तऱ्हेनें लिहिलें जातें. इंदापूरही दोन आहेत. दुसरें रायगड जिल्ह्यांत माणगांव तालुक्यांत मुंबई–गोवें रस्त्यावर आहे. नरसिंहपूर म्हणून शोध घेतल्यास मध्यप्रदेशांतील जिल्हा पुढें येतो. लोणी तर किती, याची गणतीच नको. चित्राबरोबर तालुका व जिल्हा लिहिला नसेल, तर तें चित्र नांवावर विसंबून घेऊं नये. उलटपक्षीं, जुन्या इंग्रजी कागदांत हींच नांवें निराळ्या स्पेलिंगांनीं येतात. म्हणून एकाच स्पेलिंगानें शोध करून ‘कांहीं नाहीं’ असा निर्णय देणेंही बरोबर नाहीं. भीमथडी या जुन्या तालुक्याच्या नांवानें शोध करणें तर अवश्य आहे. १८७५ सालीं सुपें भीमथडींतच होतें.

दुसरा प्रकार स्थलांतराचा. कापसाच्या तेजीसंबंधीं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकांत १८६१–६२ सालीं आलेलीं चित्रें वर्गांत नेहमीं दिसतात. त्यांपैकीं एक चित्र मिर्झापुराहून गंगेच्या पात्रांतून कापूस नेणाऱ्या नौकांच्या तांड्याचें आहे. तें सुंदर आहे, पण तें गंगेचें आहे. कऱ्हेच्या किंवा नीरेच्या पात्रांतून कापसाचा असा तांडा गेला, अशी मुलांची समजूत झाली तर तिचा दोष चित्रकाराकडे नाहीं. त्याच साप्ताहिकांतील मुंबईच्या रेल्वे टर्मिनसवर पडलेल्या गांसड्यांचें चित्र दख्खनच्या विषयास अधिक जवळचें आहे.

तिसरा प्रकार कालविपर्यासाचा. १८७६–७८ च्या दुष्काळांत डब्ल्यू. डब्ल्यू. हूपर या अधिकाऱ्यानें मद्रास इलाख्यांत अस्थिपंजर झालेल्या माणसांचीं छायाचित्रें काढलीं. तीं इतकीं भयंकर आहेत कीं, एकदां पाहिलेला मनुष्य तीं विसरत नाहीं. आणि याच कारणानें तीं वाटेल त्या दुष्काळाचीं म्हणून छापलीं जातात. सुप्याचा दंगा दुष्काळापूर्वींचा आहे. त्या व्याख्यानांत तीं चित्रें घातल्यास ‘लोक उपाशी होते म्हणून त्यांनीं दुकानें लुटलीं’ असें कारण मुलांच्या मनांत पक्कें बसतें, आणि खत, व्याज, मुदतीचा कायदा व फेरआकारणी हीं खरीं कारणें बाजूस पडतात. चुकीचें चित्र नुसतें भलत्या जागीं बसत नाहीं; तें खऱ्या कारणाची जागा घेतें.

चौथा प्रकार नवा आहे व सर्वांत धोक्याचा आहे. आतां यंत्रास चार शब्द सांगितले असतां तें हवें तसें चित्र निर्माण करून देतें. आगीचे लोळ, मशाली घेतलेला जमाव, भेदरलेला सावकार, सर्व कांहीं क्षणांत तयार होतें, आणि त्याचा रंगही जुन्या छायाचित्रासारखा पिवळट असतो. वर सांगितलेला अभ्यासकांचा मतभेद येथें आठवावा. दंगा केवढा होता, हाच जेथें वादाचा मुद्दा, तेथें प्रचंड अग्निज्वाळांचें कल्पित चित्र दाखविणें म्हणजे वादाचा निकाल पुराव्यावांचून देणें होय. ज्या प्रसंगाचें समकालीन चित्र हातीं नाहीं, तेथें काळ्या पडद्यावर तारीख व गांव एवढेंच लिहावें. मुलांस तें पुरतें.

चित्राचें नांव चुकलें म्हणजे तें किती काळ चुकलेलें राहतें, याचा दाखला आमच्या वाचकांस नवा नाहीं. शिवछत्रपतींचें म्हणून दुसऱ्याच एका व्यक्तीचें चित्र पुस्तकांतून छापलें जात असे, वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं डच साधनांच्या आधारें महाराजांचें अस्सल चित्र पुढें मांडल्यावर तो प्रवाह फिरला. सुपें व इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरींतले. त्या काळावरील व्याख्यानास आज राइक्सम्यूझियममधील विट्सेन याच्या चित्रावलींतील महाराजांचें चित्र कोणाही शिक्षकास घेतां येतें. चांगला संग्रह म्हणजे काय, तें येथें दिसतें: चित्राबरोबर तें कोठलें, कोणाकडून आलें, साधारण कोणत्या सुमाराचें, हें सर्व लिहिलेलें असतें.

(६) पाऊण तासाच्या तासिकेस बारांहून अधिक चित्रें घेऊं नयेत, असें आमचें मत आहे. सुप्याच्या व्याख्यानाची मांडणी आम्ही येणेंप्रमाणें सुचवितों.

१. भीमा, नीरा व कऱ्हा या नद्या आणि सुपें, बारामती, इंदापूर, शिरूर हीं गांवें दाखविणारा नकाशा.
२. १८३६ च्या मोजणीनंतरच्या पद्धतीचा एखाद्या गांवचा नकाशा, सर्व्हे नंबरांसह.
३. अमेरिकन कापसाच्या आयातीचे दोन स्तंभ: २० लक्ष गांसड्या व ५५ हजार गांसड्या.
४. मुंबईच्या टर्मिनसवरील गांसड्यांचें १८६२ चें चित्र, तें चित्र सुप्याचें नव्हे या खुलाशासह.
५. १८६७ च्या फेरआकारणींतील एकाच गांवचा जुना व नवा आकार, सरकारी छापील कागदावरून.
६. कर्जाचें एक संपूर्ण मोडी खत.
७. त्याच खताचा मोठा केलेला भाग: मुदल, व्याजाचा दर, मुदत.
८. व्याजाचें गणित.
९. सावकारी वहीचें एक पान.
१०. तारीख व गांव लिहिलेला काळा पडदा.
११. चौकशी मंडळाच्या अहवालाचें मुखपृष्ठ.
१२. १८७९ नंतर नोंदणी होऊन झालेलें एक खत, सहाव्या चित्राच्या शेजारीं ठेवून.

आठव्या चित्राविषयीं दोन शब्द. कल्पनेनें शंभर रुपये मुदल व दरमहा शेंकडा दोन असा दर धरूं. तीन वर्षांचें सरळ व्याज ७२ रुपये. तें मुदलांत घालून १७२ चें नवें खत झालें. आणखी तीन वर्षांनीं खत सुमारें २९६ चें झालें, व नऊ वर्षांच्या शेवटीं सुमारें ५०९ चें. प्रत्येक खतांत व्याज मुदलाच्या आंतच आहे, म्हणजे दामदुपटीची मर्यादा पाळलेली दिसते. आणि तरी शंभराचे पांचशें झाले. हें गणित मुलांनीं स्वतः फळ्यावर करावें. पंचवीस रंगीत चित्रांनीं जें साधणार नाहीं, तें या चार ओळींनीं साधतें, आणि मुलें मग विचारतात कीं जाळलें तें खतच कां जाळलें. या प्रश्नापर्यंत वर्ग पोंचला म्हणजे व्याख्यान सफळ झालें.

(७) वरील बारांपैकीं २, ५, ६, ७, ९ व १२ हीं चित्रें कोणत्याही जागतिक भांडारांतून बसल्या जागीं मिळणारीं नव्हेत. तीं गांवोगांवच्या दप्तरांत, वाड्यांतल्या पेट्यांत आणि संग्राहकांच्या रुमालांत आहेत. सुप्यास कागद जळले, म्हणून सर्वत्र जळले असें नाहीं. शेजारच्या गांवांतील, पूर्वींच्या व पुढच्या सालांतील खतें पुष्कळ घरीं पडून आहेत. जमाखर्चाच्या वह्या व कर्जरोखे यांस आमच्या संग्राहकांनीं आजवर कमी लेखलें, हें मान्य केलें पाहिजे. सनद, आज्ञापत्र, सरदारांचा पत्रव्यवहार यांस रुमालांत मानाचें स्थान. कुणब्याचें खत रद्दींत. सुप्याच्या रयतेस त्या कागदाची किंमत आमच्याहून अधिक कळली होती.

अशा कागदाचें छायाचित्र कसें घ्यावें, याविषयीं कांहीं व्यावहारिक गोष्टी नमूद करतों. पडद्यावर उभ्या दिशेनें सामान्यतः १,०८० ठिपके मावतात. बारा इंच लांबीचा कागद इंचास ४०० ठिपके या मानानें टिपला तर ४,८०० ठिपके होतात. संपूर्ण कागद पडद्यावर बसविला कीं साडेचार ठिपक्यांचा एक ठिपका होतो. चार मिलिमीटर उंचीचें मोडी अक्षर, जें मूळ टिपणांत ६३ ठिपक्यांचें होतें, तें अवघ्या १४ ठिपक्यांचें उरतें. मोडींत अक्षरांचे फांटे बारीक. ते तेथें नाहींसे होतात. म्हणून संपूर्ण कागद एकदां केवळ त्याचें रूप दिसण्यापुरता दाखवावा व लागलीच वाचावयाचा भाग मोठा करून दुसऱ्या चित्रांत दाखवावा. टिपतांनाच मान कमी ठेवलें तर पुढें तो भाग मोठा करतां येत नाहीं, हें ध्यानांत असावें.

कागदाशेजारीं मापपट्टी ठेवावी. तिच्यावांचून चिठ्ठी व सनद पडद्यावर सारखीच दिसतात. पाठ कोरी दिसली तरी तिचें चित्र घ्यावें. पाठीवरचा शेरा, भरपाईची नोंद, पुढील तारखेची खूण यांतच पुष्कळदां खताची पुढची कथा असते. स्टांपाचा भाग, साक्षीदारांच्या निशाण्या व नांगराची खूण हीं कापून टाकूं नयेत. चित्र शोभिवंत करण्यासाठीं डाग पुसणें, फाटलेली कड सरळ करणें, हें सर्वथा वर्ज्य. १८७९ च्या कायद्यानें गांवनोंदणीची व्यवस्था आल्यामुळें त्यापुढील खतांवर नोंदणीचा शेरा दिसूं लागतो. सहावें व बारावें चित्र शेजारीं ठेवल्यास हा फरक विद्यार्थी स्वतः शोधूं शकतात, आणि कायद्याचें कलम पाठ करण्याऐवजीं त्याची खूण कागदावर पाहतात.

प्रत्येक चित्राच्या खालीं निदान सहा गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: कागद कोणाच्या संग्रहांतला, रुमाल वा दप्तराचा क्रमांक, मूळ तारीख जशी आहे तशी व तिची इसवी सनांतील जुळणी, गांव–तालुका–जिल्हा, छायाचित्र घेतल्याची तारीख, आणि वाचन कोणीं केलें. छायाचित्राच्या तारखेस कमी लेखूं नये. पळसदेवाचें देवालय एका वर्षीं शिखरापर्यंत पाण्यांत, तर दुसऱ्या वर्षीं कोरडें. तारखेवांचून तें चित्र कशाचाच पुरावा होत नाहीं.

(८) येथें एका नाजूक गोष्टीचा विचार केला पाहिजे. दंग्याचा रोख बहुतांशीं मारवाडी व गुजर सावकारांवर होता. खतांत ऋणको, धनको व साक्षीदार यांचीं नांवें असतात, आणि त्या घराण्यांचे वंशज त्याच पेठेंत व त्याच शिवारांत आज नांदत आहेत. वर्गांत बसलेल्या एका मुलाच्या पणज्याचें नांव ऋणकोच्या जागीं व दुसऱ्याच्या पणज्याचें धनकोच्या जागीं निघणें असंभवनीय नाहीं. शिक्षकाचा हेतु व्यवहाराची रीति समजावण्याचा. नांवें वाचून वैर जागें करण्याचा नव्हे. म्हणून पडद्यावरील प्रतींत आडनांवें झांकावीं. अभ्यासकासाठीं मूळ प्रत संग्रहांत अखंड ठेवावी. झांकलें आहे हें स्पष्ट लिहावें, म्हणजे लबाडी होत नाहीं. तसेंच, सावकारी एकाच जातीची नव्हती, आणि सावकारावांचून त्या काळीं सरकारदेण्याचा हप्ता भरणेंही कुणब्यास कठीण होतें, हें सांगितल्याविना तो तास पुरा झाला असें समजूं नये.

कायद्याची भीति घेऊन पुष्कळ शिक्षक चित्रें वापरण्यास कचरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानें शिक्षकास अध्यापनाच्या ओघांत कृतीची प्रत घेण्याची मोकळीक दिली आहे, आणि छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून ६० वर्षांनीं संपतो. अर्थात् वर्गांत दाखविणें निराळें व पुस्तक छापून विकणें निराळें. कागद ज्याच्या घरचा आहे त्याची संमति व नामनिर्देश हा कायद्याहून जुना शिष्टाचार आहे, तो पाळावा.

(९) राहिला प्रश्न टिकाऊपणाचा. डिजिटल संग्रह म्हणजे अमर संग्रह, अशी एक समजूत रूढ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी हल्ला झाला, आणि तिनें डोळ्यांत तेल घालून तयार केलेलीं हस्तलिखितांचीं चित्रें कित्येक महिने जगास दिसेनाशीं झालीं. हस्तलिखितें कपाटांत सुखरूप होतीं. दिसत नव्हतीं तीं चित्रें. आर्टस्टोर हा संग्रह २०१६ सालीं इथाका या संस्थेशीं जोडला गेला, व १ ऑगस्ट २०२४ रोजीं त्याचें स्वतंत्र ठिकाण बंद होऊन चित्रें ‘जेस्टोर’ या भांडारांत गेलीं. चित्रें राहिलीं, पण पत्ता बदलला. यावरून दोन बोध घ्यावयाचे. एक, टिपणांत संकेतस्थळाच्या पत्त्यावर न विसंबतां मूळ वस्तु कोणत्या संस्थेंत, कोणत्या क्रमांकाची, हें लिहावें. दुसरा, व्याख्यानाची प्रत शाळेंत, घरीं व तिसऱ्या ठिकाणीं अशी तीन जागीं ठेवावी. आणि उलटही तितकेंच खरें: पुण्यांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजीं जो प्रसंग गुदरला, त्यावरून मूळ कागदही अभेद्य नाहींत हें आपण पाहिलें आहे. मूळ व प्रत हीं एकमेकांचीं राखणदार आहेत.

(१०) विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविलीं व १९१० सालीं पुण्यास मंडळाची स्थापना झाली, तेव्हां प्रश्न कागद वांचविण्याचा होता. आज वांचलेला कागद वर्गापर्यंत नेण्याचा प्रश्न आहे. त्यासाठीं बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर व शिरूर या तालुक्यांतील संग्राहकांस आमची विनंति अशी: आपल्या रुमालांतील १८३६ पासून १८९० पर्यंतचीं खतें, गहाणखतें, कबुलायती व सावकारी वह्यांचीं पानें वेगळीं काढावीं, प्रत्येकीं निदान दहा कागद वर सांगितलेल्या रीतीनें टिपावे, सहा गोष्टींचें टाचण जोडावें, आणि त्याची एक प्रत जवळच्या विद्यालयास द्यावी. मोडी वाचन जमत नसेल तर वाचनाची जागा कोरी सोडावी, पण तर्कानें भरूं नये. पांच संग्राहकांनीं एवढें केलें तर पन्नास कागद होतील, आणि सुप्याच्या व्याख्यानास मिर्झापुरच्या नौका व मद्रासचे सांगाडे उसने आणण्याचें कारण उरणार नाहीं.

मूळ कागद मात्र संग्राहकानें कोणासही देऊं नये. मागावयाची ती प्रतच, व द्यावयाची तीही प्रतच. असो.